इनहेलर थांबवून होमिओपॅथीवर ठेवायचं का? दमा, अ‍ॅलर्जी आणि 'सिद्ध झालंय' म्हणणाऱ्या रिसर्चबद्दल

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा नऊ वर्षांचा, उठल्या उठल्या शिंका, नाक चोंदलेलं, पावसाळ्यात रात्री खोकला आणि छातीत घरघर. डॉक्टरांनी बुडेसोनाइड या स्टिरॉइडचा पंप स्पेसरसकट (पंपाला लावायची प्लास्टिकची नळी) दिलाय, पण सासूबाईंना वाटतं की पंपाची सवय लागते, आणि दिरांनी एक लेख पाठवलाय की होमिओपॅथीच्या औषधांनी हिस्टामिन (शिंका-खाज आणणारं शरीरातलं रसायन) आणि सूज कमी होते हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, तर पंप थांबवून फक्त गोड गोळ्यांवर ठेवलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. पंप बंद करू नका. गोळ्या चालू ठेवायच्या असतील तर ठेवा, त्यावरून घरात वाद घालू नका, पण रोजचा प्रिव्हेंटर, म्हणजे सूज दाबून ठेवणारा हा पंप, त्या गोळ्यांच्या भरवशावर थांबवायचा नाही. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, परळ-दादर भागात बरीच वर्षं हेच काम करतोय, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मध्यरात्री धाप लागून आणलेल्या मुलांच्या आईवडिलांना विचारलं की हमखास कळतं, एप्रिल-मेमध्ये मूल छान होतं म्हणून पंप थांबवला होता. म्हणून हे जरा खोलात जाऊन लिहितोय.

अ‍ॅलर्जीत शरीरात काय होतं ते समजलं की लेखातला दावा आपोआप जागेवर बसतो. गादीतल्या धुळीच्या किड्यांचं प्रोटीन मुलाच्या नाकातून आत जातं, शरीर त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची अँटीबॉडी बनवतं आणि ती नाकाच्या, श्वासनलिकेच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते. (हे आयजीई १९६६-६७ च्या सुमारास सापडलं, अमेरिकेत इशिझाका पतीपत्नींना आणि स्वीडनमध्ये योहान्सन-बेनिक यांना, म्हणजे अ‍ॅलर्जीचं आजचं शास्त्र तसं अलीकडचं आहे.) पुढच्या वेळी तेच प्रोटीन आलं की मास्ट पेशी काही मिनिटांत फुटतात, हिस्टामिन बाहेर पडतं, शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. हा झाला पहिला भाग. दुसरा भाग चार ते आठ तासांनी सुरू होतो आणि दम्यात खरा त्रास तोच देतो. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, अस्तर सुजतं, चिकट कफ तयार होतो, नळीभोवतीचे स्नायू इतके चिडके होतात की थंड हवा, अगरबत्तीचा धूर, साधी सर्दी, काहीही पुरतं आकसायला. आणि ही सूज दोन अ‍ॅटॅकच्या मधल्या काळातही असतेच, मुलगा खाली क्रिकेट खेळत असतो, शाळेत जात असतो, काही दिसत नाही, पण आत सूज असते.

आता बघा, सेट्रिझिन हे पक्कं अँटीहिस्टामिन आहे, त्याने शिंका थांबतात, खाज थांबते, पण सेट्रिझिनने दमा आटोक्यात येत नाही, कारण दम्यात हिस्टामिनपेक्षा ल्युकोट्राइन नावाची नळ्या आकसवणारी रसायनं आणि त्या दुसऱ्या भागातल्या पेशींचा वाटा मोठा असतो. म्हणजे दिरांनी पाठवलेल्या लेखातलं वाक्य शब्दशः खरं धरलं, की या गोळ्यांनी हिस्टामिन कमी होतं, तरी तेवढ्यावर श्वासनलिकेची सूज सांभाळली जाणार नाही. ते काम आज रोजच्या उपचारात स्टिरॉइडचा पंप करतो.

आणि हिस्टामिनवर परिणाम होतो का हे बघायला फार लांब जावं लागत नाही, आमच्या रोजच्या कामात ते दिसतं. अ‍ॅलर्जीची स्किन प्रिक टेस्ट करताना हाताच्या आतल्या बाजूला पेनाने आकडे लिहितो, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब, धुळीचा किडा, झुरळ, बुरशी, परागकण, आणि त्यात दोन थेंब तपासणीचे म्हणून असतात, एक नुसतं सलाइन आणि एक हिस्टामिन. बारीक लॅन्सेटने टोचून १५-२० मिनिटं थांबायचं. हिस्टामिनच्या जागी डास चावल्यासारखी गांध उठलीच पाहिजे, नाही उठली तर टेस्ट बाद. ज्या थेंबाची गांध सलाइनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी, ती पॉझिटिव्ह. सेट्रिझिन चालू असेल तर हिस्टामिनची गांध उठतच नाही किंवा अगदी बारीक उठते, म्हणून ते औषध ५ ते ७ दिवस आधी थांबवायला लागतं. होमिओपॅथीच्या गोळ्या चालू असलेले पेशंट माझ्याकडे सतत टेस्टला येतात, त्यांच्या हातावर हिस्टामिनची गांध व्यवस्थित, पूर्ण आकाराची उठते. औषध हिस्टामिन अडवत असतं तर ते तिथे दिसायला हवं होतं.

आता रिसर्चकडे येतो. तुमच्या दिरांनी हे कुठून तरी मनाने काढलेलं नाहीये, असे प्रयोग खरंच झालेत आणि मोठ्या जर्नलमध्ये छापूनही आलेत, त्यामुळे 'सगळं खोटं आहे' एवढं म्हणून मी तो विषय झटकणार नाही.

सगळ्यात गाजलेला प्रयोग फ्रान्समधला. जाक बेनव्हेनिस्त हे अ‍ॅलर्जी आणि सुजेवर काम करणारे नावाजलेले संशोधक. १९८८ च्या जूनमध्ये 'नेचर'मध्ये त्यांच्या टीमचा पेपर आला की आयजीईवर हल्ला करणारी अँटीबॉडी इतकी पातळ केली की त्यात तिचा एक कणही उरणार नाही, तरी रक्तातल्या बेसोफिल पेशींवर (मास्ट पेशींसारख्याच, आत हिस्टामिन असलेल्या) तिचा परिणाम होतो. 'नेचर'ने अट घातली होती की छापतो, पण आमची माणसं येऊन प्रयोग बघतील. जुलैत संपादक जॉन मॅडॉक्स, संशोधनातल्या गैरप्रकारांचा छडा लावणारे वॉल्टर स्ट्युअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी पॅरिसजवळच्या त्या लॅबमध्ये गेले. तिथली पद्धत अशी होती की पेशींना निळा रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली किती पेशी रंगल्या ते डोळ्यांनी मोजायचं, जितक्या कमी रंगलेल्या दिसतील तितक्या फुटल्या असं धरायचं. मोजणाऱ्याला कुठली नळी औषधाची आणि कुठली साध्या पाण्याची हे ठाऊक असताना फरक दिसत होता, नळ्यांवरची ओळख लपवली तसा फरक गेला. कुणी मुद्दाम खोटं बोललं असं समजायची गरज नाही, डोळ्यांनी मोजताना माणसाला हवं ते थोडं जास्त दिसतं, मलाही दिसेल, म्हणून तर ओळख लपवून मोजायचं असतं. पुढे १९९३ मध्ये लंडनच्या एका टीमने तोच प्रयोग काळजीपूर्वक परत करून 'नेचर'मध्येच लिहिलं की असा परिणाम आम्हाला मिळत नाही.

त्यानंतर २००४ मध्ये युरोपातल्या काही प्रयोगशाळांनी मिळून हिस्टामिनचीच अतिपातळ द्रावणं वापरून बेसोफिल पेशींवर परिणाम दिसल्याचं छापलं. 'हिस्टामिन कमी होतं' असे जे लेख आपल्याकडे फिरतात त्यांचं मूळ बहुतेक वेळा या कामात असतं. पण २००५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बर्नला तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम मिळाला नाही. आणि परिणाम मिळाला असता तरी काचेच्या नळीतल्या पेशी आणि भांडुपच्या घरात रात्री दोन वाजता खोकणारा मुलगा यांच्यात फार मोठं अंतर आहे. नळीत पेशींवर काम करणारी कितीतरी औषधं, आमच्या अ‍ॅलोपॅथीचीसुद्धा, माणसात येऊन फेल होतात.

पातळ म्हणजे किती ते पण सांगतो, कारण बाटलीवर ३० किंवा २०० लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं २०० म्हणजे जास्त स्ट्राँग डोस. ३० सी म्हणजे १ भाग औषध ९९ भाग पाणी-अल्कोहोलमध्ये, त्यातला १ भाग परत ९९ मध्ये, असं ३० वेळा, म्हणजे एकावर ६० शून्यं इतक्या पटीने पातळ. साधारण १२ सी च्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही सापडण्याची शक्यता जवळपास संपते. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १७९६ मध्ये आपलं तत्त्व मांडलं तेव्हा रेणू मोजायची सोयच नव्हती, त्यामुळे त्यांच्यावर टीका करण्यात मला काही रस नाही, त्यांच्या काळात पेशंटचं रक्त काढणं, पारा पाजणं चालायचं आणि त्यापेक्षा त्यांचं औषध नक्कीच निर्धोक होतं.

इथे कुणीतरी आयआयटीचा विषय काढणारच. २०१० मध्ये आपल्या पवईच्या आयआयटी बॉम्बेच्या केमिकल इंजिनिअरिंगमधल्या प्रा. जयेश बेल्लारे यांच्या टीमने बाजारातली सोनं, तांबं, जस्त अशी धातूंची होमिओपॅथिक औषधं घेतली आणि ३० आणि २०० पोटेन्सीतही धातूचे अतिसूक्ष्म कण सापडले असं छापलं. काम मन लावून केलेलं आहे, पण त्याने काय सिद्ध होतं हे नीट वाचा. बाटलीत कण आहेत इतकंच. तो कण दमा बरा करतो का, हे त्यात तपासलेलंच नाही. आणि मुलाच्या सर्दीला देतात ते एलियम सेपा म्हणजे कांदा, एपिस म्हणजे मधमाशी, हे धातू नव्हेत, तिथे तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

उंदरांवरच्या प्रयोगांचंही असंच. सूज कमी करणारं कुठलंही औषध आधी उंदराच्या पंजावर बघतात, कॅराजीनन नावाचा समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ पंजात टोचतात, पंजा सुजतो, किती सुजला ते मोजतात. होमिओपॅथीच्या औषधांवर असे बरेच पेपर आपल्या देशातून येतात. त्यातला उंदरांमधल्या सूज-वेदनेवरचा, ऱ्हस टॉक्स या होमिओपॅथिक औषधाबद्दलचा एक पेपर २०१८ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'सारख्या जर्नलमध्ये आला, टीम आपल्या महाराष्ट्रातल्याच फार्मसी कॉलेजची, बातम्यांत खूप कौतुक झालं, आणि २०१९ मध्ये जर्नलने तो मागे घेतला कारण आकृत्यांमध्ये आणि प्रयोगाच्या मांडणीत गंभीर दोष निघाले. छापून आल्याची बातमी घरोघरी पोचते, मागे घेतल्याची पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण त्या पहिल्या बातमीवर लोक औषध बंद करण्याचा निर्णय घेतात.

माणसांवरच्या ट्रायल सगळ्यात महत्त्वाच्या. इंग्लंडात चार्ल्स ब्लॅकली नावाचे होमिओपॅथच होते, त्यांनी स्वतःच्या नाकात, त्वचेवर परागकण लावून लावून १८७३ मध्ये दाखवून दिलं की उन्हाळी सर्दी परागकणांमुळे होते. अ‍ॅलर्जीच्या स्किन टेस्टचं मूळ तिथे आहे. पुढे ग्लासगोत डॉ. डेव्हिड रायली यांनी १९८६ मध्ये १४४ पेशंटवर परागकणांचं ३० सी औषध आणि खोटं औषध यांची तुलना केली, होमिओपॅथीच्या बाजूने फरक आला, 'लॅन्सेट' या जर्नलमध्ये छापलं. १९९४ मध्ये २८ दमेकऱ्यांवर परत तसंच. २००० मध्ये ५० जणांवर केलं तर नाकातली हवेची मोजणी सुधारली पण पेशंटच्या त्रासाच्या नोंदीत फरक नव्हता. या ट्रायल प्रामाणिक होत्या, आणि म्हणूनच पुढच्यांनी त्या मोठ्या प्रमाणावर करून बघितल्या. २००२ मध्ये 'बीएमजे'मध्ये २४२ जणांची ट्रायल आली, सगळ्यांना दमा आणि धुळीच्या किड्याची अ‍ॅलर्जी, म्हणजे अगदी तुमच्या मुलासारखा प्रकार, आणि खोट्या औषधापेक्षा काही फरक नाही. यावर होमिओपॅथ म्हणतात की सगळ्यांना एकच औषध देणं ही खरी होमिओपॅथी नव्हे, माणूस बघून औषध द्यावं लागतं. रास्त मुद्दा आहे. २००३ मध्ये 'थोरॅक्स'मध्ये ९६ मुलांवरची ट्रायल आहे, तिथे अनुभवी होमिओपॅथनी प्रत्येक मुलाची नीट केस घेऊन वेगवेगळं औषध दिलं, तरी वर्षभराने दोन्ही गटांत फरक नव्हता. आणि त्या मुलांचे नेहमीचे पंप चालूच होते हे विसरू नका, त्या ट्रायलमध्ये ते बंद करून बघितलेलं नाही. २००४ च्या कॉक्रेन (ट्रायल एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्यात अशा सहा ट्रायल आणि ५५६ माणसं होती, त्यांचं म्हणणं की दम्यासाठी भरवसा ठेवावा इतका पुरावा नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने वेगवेगळ्या आजारांचा आढावा घेऊन तेच म्हटलं.

मग शेजारच्या काकूंच्या नातवाला बरं कसं वाटलं? वाटलं, खरंच वाटलं. २०११ मध्ये अमेरिकेतला एक फार सुंदर प्रयोग छापला गेला, मी तो पेशंटना नेहमी सांगतो. दम्याचे ३९ पेशंट, प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी चार गोष्टी, खरा सालब्युटामॉलचा (नळ्या लगेच उघडणारा) पंप, खोटा पंप, खोटं अ‍ॅक्युपंक्चर, आणि एक दिवस नुसतंच बसवून ठेवायचं. किती बरं वाटलं विचारलं तर खऱ्या पंपाला सरासरी ५० टक्के, खोट्या पंपाला ४५, खोट्या अ‍ॅक्युपंक्चरला ४६, आणि नुसतं बसवलं त्या दिवशी २१. म्हणजे वाटण्यात जवळजवळ फरक नाही. पण फुंकायच्या मशिनवर बघितलं तर खऱ्या पंपाने फुप्फुसाचा जोर २० टक्के वाढला आणि बाकी तिन्हींत ७ टक्क्यांच्या आसपास. ताई, मला सगळ्यात काळजी याचीच वाटते. बरं वाटतंय आणि नळ्या उघडलेल्या नाहीत, अशा अवस्थेत मूल असतं, आईला वाटतं छान चाललंय, आणि पहिल्या मोठ्या सर्दीला ते कोसळतं.

त्यात मुंबईच्या ऋतूंची भर. जून-जुलैत शाळा सुरू, पाऊस, दमट भिंती, व्हायरल, त्रास शिगेला, त्याच वेळी लोक नवीन औषध शोधतात. सप्टेंबरपर्यंत काहीही दिलं नाही तरी बऱ्याच मुलांचा त्रास उतरतो आणि श्रेय त्या वेळी चालू असलेल्या औषधाला जातं. शिवाय लहानपणी घरघर होणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ जण आपोआप सुटतात, अमेरिकेत टूसॉनला शेकडो मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून १९९५ मध्ये छापलं त्यात तीन वर्षांच्या आत घरघर झालेल्यांपैकी साधारण ६० टक्के मुलांची सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि अ‍ॅलर्जी सोबत आहे, तो त्या सुटणाऱ्या गटात धरता येत नाही.

सासूबाईंची भीती मात्र मी हलक्यात घेणार नाही, कारण स्टिरॉइड हा शब्द ऐकून कुणीही घाबरेल. पंपातून मुलाला दिवसाला साधारण २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड जातं, आणि ते मुख्यतः फुप्फुसातच काम करतं. पंप बंद करून मोठा अ‍ॅटॅक आला तर २५ किलोच्या मुलाला तोंडाने प्रेडनिसोलोन द्यावं लागतं दिवसाला २५ मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे २५ हजार मायक्रोग्रॅम, तेही सगळ्या शरीरात, तीन ते पाच दिवस. दोन्ही स्टिरॉइडांची ताकद एकसारखी नाही, तरी कुठलं टाळायचं हे या आकड्यांवरून कळतं. उंचीवर परिणाम होतो का, तर होतो, थोडा. अमेरिकेत लहानपणी वर्षानुवर्षं बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली, २०१२ चा पेपर आहे. हे आईवडिलांना आधीच सांगायला हवं असं माझं मत आहे, लपवलं की विश्वास जातो. पण आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो, झोप मोडतो, शाळा बुडवतो. आणि सवय लागत नाही, थांबवल्यावर त्रास परत येतो कारण सूज तिथेच होती. पंप घेतला की चूळ भरून थुंकायला लावा, म्हणजे तोंडात बुरशी होत नाही.

बरं, मॉन्टेलुकास्टच्या (ल्युकोट्राइन अडवणाऱ्या) गोळ्या केमिस्टकडून आणून महिनोन् महिने देणारेही खूप आहेत, त्याबद्दल पण सांगतो. त्या औषधाने काही मुलांना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी येते, २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. डॉक्टरला विचारून घ्या, मनाने नको.

होमिओपॅथीच्या गोळ्या चालू ठेवणार असाल तर दोन गोष्टी बघा. औषधाचं नाव आणि पोटेन्सी कागदावर लिहून मागा. नावाशिवाय पुडी नको. पुडीत स्टिरॉइड मिसळून देणारे लोक आहेत, तीन दिवसांत दमा गायब, भूक प्रचंड, महिन्याभरात चेहरा गोल, असं दिसलं तर ताबडतोब दाखवायला आणा आणि पुडी सोबत आणा, फेकू नका. ती एकदम बंदही करू नका, त्यात स्टिरॉइड असेल तर एकदम थांबवणं धोक्याचं असतं. दुसरं, मदर टिंक्चर (पातळ न केलेला मूळ अर्क) किंवा ३ एक्स, ६ एक्स अशा खालच्या पोटेन्सीत मूळ पदार्थ खरोखर असू शकतो. दम्याला ब्लाटा ओरिएन्टॅलिस मदर टिंक्चर आपल्याकडे सर्रास देतात, ते झुरळापासून करतात, आणि मुंबईत झुरळाची अ‍ॅलर्जी असलेली मुलं ढीगभर आहेत. स्किन टेस्टमध्ये झुरळाची गांध उठलेल्या मुलाला ते देऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

त्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. चांगले होमिओपॅथ मी बघितलेत, ते पाऊण तास बसून मुलाला काय आवडतं, झोप कशी लागते, भीती कशाची वाटते सगळं विचारतात, पेशंटला तेवढा वेळ आम्ही देत नाही आणि द्यायला पाहिजे. त्यांच्यातलेच कितीतरी जण स्वतः म्हणतात की पंप चालू ठेवा आणि धाप दिसली की माझ्याकडे पाठवतात. जो म्हणतो 'पंप बंद केल्याशिवाय माझं औषध लागू पडणार नाही', त्याच्याकडे जाऊ नका.

कुणी म्हणेल, तुमची अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं पण तेच तर करतात, ज्याने त्रास तेच थोडं थोडं द्यायचं. लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांनी ती सुरुवात केली खरी, पण तिथे प्रोटीन मोजून असतं, डोस हळूहळू वाढवत नेतात, साधारण तीन वर्षं देतात, रक्तातल्या अँटीबॉडी बदलताना दिसतात, आणि रिअ‍ॅक्शन येऊ शकते म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतो. दमा आटोक्यात असेल तरच हे करायचं, आणि तुमच्या मुलासाठी पुढे विचार करण्यासारखं आहे.

घरात काय करता येईल ते बघा. गादी-उशीला बारीक विणीचं चेन असलेलं कव्हर, चादरी आठवड्याला ६० डिग्रीच्या पाण्यात, कोमट पाण्याने किडे मरत नाहीत. ओल आलेली भिंत मुलाच्या पलंगाशेजारी असेल तर पलंग आजच हलवा, रंगकाम नंतर होईल. झुरळांना जेल लावा, स्प्रे नको, स्प्रेच्या वासानेच अ‍ॅटॅक येतो. मच्छर कॉइल आणि धूप बंद, देवापुढे तेलाचा दिवा लावा, सासूबाईंना ते पटेल. मुलगा कोळंबी खातो आणि त्याला काही होत नाही तर खाऊ द्या, पण कोळंबी खाल्ल्यावर कधी ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, घशात खाज आली तर सांगा, कारण कोळंबी, झुरळ आणि धुळीचा किडा या तिघांत ट्रोपोमायोसिन नावाचं मिळतंजुळतं प्रोटीन असतं. तशी मोठी रिअ‍ॅक्शन आली तर मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाच पहिला इलाज, बाकी सगळं त्याच्यानंतर. आणि खिडकीत कबुतरं बसत असतील तर जाळी लावा. कबुतरांमुळे फुप्फुसाला होणारी सूज या आयजीईच्या अ‍ॅलर्जीपेक्षा वेगळीच असते, कोरडा खोकला आणि चालताना दम लागत राहतो, लोक 'अ‍ॅलर्जी आहे' म्हणून गोळ्या घेत बसतात आणि फुप्फुस कायमचं कडक होतं. मी ते मोठ्या माणसांत खूप बघतो, घरात आजी-आजोबांना असा त्रास असेल तर वेळ घालवू नका.

आता गोळ्यांचा उपयोग होतोय की नाही हे तुमच्याच घरात मोजता येतं. पीक फ्लो मीटर घ्या, केमिस्टकडे मिळतं. सकाळ-संध्याकाळ, पंप घ्यायच्या आधी, उभं राहून तीन वेळा जोरात फुंकायला लावा आणि तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा, रात्री खोकला झाला असेल तर बाजूला फुली. दोन-तीन आठवड्यांत त्याचा स्वतःचा सगळ्यात चांगला आकडा कळेल. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर चाललंय तर ठीक, खाली घसरत चाललं तर मुलगा हसतखेळत असला तरी फोन करा. ६० च्या खाली म्हणजे त्याच दिवशी दाखवा. आणि बोलताना वाक्य तुटतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत, ओठ निळसर दिसतायत तर रिलिव्हरचे (नळ्या लगेच उघडणारा सालब्युटामॉलचा पंप, रोजचा बुडेसोनाइडचा नव्हे) ४ पफ स्पेसरमधून एकेक करून द्या, १०८ ला फोन करा किंवा थेट हॉस्पिटल गाठा, वाटेत दर २० मिनिटांनी परत द्या. त्या वेळी गोड गोळ्यांचा परिणाम बघत बसायचं नाही.

डोस कमी करायची इच्छा तुमची आहेच आणि ती योग्य आहे. सलग तीन महिने रात्रीचा खोकला नाही, रिलिव्हर जवळपास लागला नाही, आकडे वर आहेत, असं झालं की डॉक्टर स्वतःच डोस पाव किंवा निम्म्याने उतरवतात. मी तरी हे मे-जूनमध्ये करत नाही, पावसाळा आणि ऑक्टोबरची सर्दी उलटून गेली की जानेवारी-फेब्रुवारीत करतो. पुढच्या व्हिजिटला पंप आणि स्पेसर दोन्ही सोबत न्या, मुलाला डॉक्टरांसमोर घ्यायला लावा, बहुतेक मुलं मास्क किंवा तोंडाचा भाग घट्ट न धरता घेतात आणि अर्धं औषध हवेत जातं, आणि जमलं तर सासूबाईंनाही घेऊन जा, त्यांचे प्रश्न त्यांना स्वतःला विचारू द्या.